नवी इलेक्ट्रिक गिटार दुकानातून घेताना: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

माझ्याकडे सेटअपला, म्हणजे गिटार नीट वाजेल अशी जुळवून घ्यायला, येणाऱ्या गिटारींमध्ये अगदी नव्याकोऱ्या, नुकत्याच घेतलेल्याही बऱ्याच असतात. तक्रारी ठरलेल्या: वरच्या फ्रेटवर (गिटारच्या लांब दांड्यावरच्या, म्हणजे नेकवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या) तार ओढली की सूर मरतो, एफ कॉर्ड बेसूर वाटते, नॉब फिरवला की खरखर होते. यातलं जवळपास सगळं दुकानात तासाभरात कळलं असतं. कळलं नाही, कारण क्रम उलटा झाला. आधी रंग आवडला, मग किंमत ठरली, पैसे दिले गेले आणि तपासणी घरी आल्यावर सुरू झाली.

दुकानात पाऊल टाकण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही मॉडेल विकत घेत नाही, समोरची ती एक गिटार विकत घेता. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गिटारी हातात घेतल्या तरी फरक जाणवतो, कारण फ्रेट बसवण्यातली सफाई, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा पेलणारी पट्टी) खाचांची खोली आणि नेकचं लाकूड प्रत्येक नगात थोडं वेगळं असतं. रिव्ह्यू मॉडेलचे असतात. तुमच्या वाट्याला येणाऱ्या नगाची तपासणी तुम्हालाच करायची आहे.

१. घरूनच ठरवून निघा

हातात ३०,००० रुपये असतील तर ३०,००० ची गिटार बघायला जाऊ नका. ॲम्प, केबल, ट्यूनर, पट्टा, बॅग, तारांचा एक जादा संच आणि सेटअप हे सगळं याच पैशांतून व्हायचं आहे. गिटारसाठी १८ ते २० हजार धरा. महागडी गिटार घेऊन ती फोनच्या ॲपवर आणि स्वस्त हेडफोनवर वाजवणारी मुलं मी पाहतो. त्यांना आपल्या गिटारचा खरा आवाज महिनोन्महिने ऐकायलाच मिळत नाही.

मग ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग, ठरवा. पहिलीच इलेक्ट्रिक गिटार असेल तर स्थिर ब्रिज घ्या, फार तर साधा ट्रेमोलो, म्हणजे दांडीने सूर हलवता येणारा ब्रिज. फ्लॉइड रोज पद्धतीचा लॉकिंग ब्रिज दिसायला भारी असतो, पण त्यात तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरतात. एक तार तुटली की बाकीच्या पाचही सुरातून जातात. ड्रॉप डी करायचं, म्हणजे सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवायची, म्हटलं तरी सगळं पुन्हा लावत बसावं लागतं. नवशिक्याचा निम्मा वेळ त्यातच जातो.

स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची वाजती लांबी, कागदावर वाचून ठरवू नका, पण आकडे माहीत असू द्या. फेंडर घराण्याच्या बहुतेक गिटारींत ती २५.५ इंच असते, गिब्सन आणि एपिफोनच्या बऱ्याच गिटारींत २४.७५ इंच. त्याच जाडीच्या तारा लांब स्केलवर जास्त ताठ लागतात आणि आखूड स्केलवर सहज ओढल्या जातात. हात लहान असेल तर दोन्ही वाजवून बघा.

पिकअपचं (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) थोडक्यात: एका गुंडाळीचा सिंगल कॉइल गुणगुणतो, दोन गुंडाळ्यांचा हंबकर कमी गुणगुणतो. घरात वायरिंग जुनं असेल, खोलीत डिमर किंवा ट्यूबलाइट असेल तर हा फरक रोज ऐकू येईल.

> सावधान: ऑफरच्या शेवटच्या दिवशी किंवा रविवारी संध्याकाळी जाऊ नका. गर्दीत कोणी तुम्हाला तासभर गिटार वाजवू देणार नाही, आणि घाईत तपासणीच्या पायऱ्या गाळल्या जातात. मधल्या वारी सकाळी दुकान उघडल्यावर जा.

२. दुकानाला आधी फोन करा

वेबसाइटवर 'उपलब्ध' लिहिलेली गिटार दुकानात असेलच असं नाही. ती दुसऱ्या शहरातल्या गोदामात असू शकते. फोनवर एवढं विचारा:

- हे मॉडेल आत्ता दुकानात आहे का? किती नग आहेत? दोन नग शेजारी ठेवून वाजवता येतील का?
- डिस्प्लेचा नग आहे की खोक्यातला? खोकं उघडून दाखवाल ना?
- सेटअप कोण करतं, दुकानातच होतो का, आणि किमतीत धरलेला आहे का?
- तुम्ही या कंपनीचे अधिकृत विक्रेते आहात का? वॉरंटीवर शिक्का कोणाचा असेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःही पडताळा. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या वेबसाइटवर विक्रेत्यांची यादी देतात. बाहेरून परस्पर आणलेला माल अस्सल असू शकतो, पण त्याच्या वॉरंटीची जबाबदारी भारतातला वितरक सहसा घेत नाही. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकांकडून गिटार मागवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण वॉरंटी बहुधा खरेदीच्या देशापुरती असते. गिटार तिकडून आणली तर एक वेळ चालेल, अमेरिकेतला ॲम्प मात्र आणू नका. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात.

'गोदामातून मागवतो, आधी पूर्ण पैसे भरा' असं म्हणाले तर थोडी रक्कम द्या आणि पावतीवर 'तपासून पसंत पडल्यास' हे शब्द लिहून घ्या. डावखुऱ्यांवर ही वेळ हमखास येते, कारण त्यांच्या गिटारी दुकानात क्वचितच तयार असतात.

मुंबईत धोबी तलावच्या परिसरात वाद्यांची दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकाच दुकानात निर्णय न घेता फिरून या. जिल्ह्याच्या गावी हा पर्याय नसतो. तिथे शहरात एक फेरी मारून नग स्वतः वाजवून घेणं परवडतं, कुरिअरने मागवून परत पाठवण्यापेक्षा त्रास कमी होतो.

३. सोबत काय न्यायचं

स्वतःची केबल आणि पिक, क्लिप-ऑन ट्यूनर, कॅपो (नेकवर सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा), १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि टॉर्च असलेला फोन. केबल स्वतःची हवीच. खरखर ऐकू आली आणि दुकानदार म्हणाला 'केबल खराब आहे', तर लगेच खातरजमा करता येते. घरी छोटा ॲम्प असेल आणि नेणं शक्य असेल तर तोही न्या.

सोबत गिटार वाजवणारा कोणी असेल तर उत्तमच, पण तुम्ही खुर्चीत बसून त्याला वाजवू देऊ नका. तयार हाताच्या माणसाला वाईट गिटारही चांगली वाजवता येते. त्याचे कान घ्या, हात तुमचेच वापरा.

४. आधी डोळे आणि बोटं

गिटार हातात आली की लगेच छेडू नका. खिडकीजवळ किंवा चांगल्या दिव्याखाली न्या.

हेडस्टॉक (खुंट्या असलेलं वरचं टोक) जिथे नेकला मिळतो तिथे, नटच्या मागे, टॉर्च तिरका धरून पाहा. मागे झुकलेला हेडस्टॉक असलेल्या गिटारी प्रवासात पडल्या तर बहुधा तिथेच तडकतात. नंतर नेक बॉडीत बसते तो सांधा पाहा. तिथे कोपऱ्यात रंगाला केसासारखी रेघ असणं नेहमीचं आहे. त्या रेघेवरून नख फिरवा. नख अडकलं किंवा रेघ बाजूला, मागे पुढे जाताना दिसली, तर ती लाकडातली भेग असू शकते. असा नग परत ठेवा.

आता डावा तळवा नेकच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवा, मग दुसऱ्या कडेवरून. फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं (नेकचा फ्रेट बसवलेला पुढचा भाग) लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट तेवढेच राहतात आणि टोकं बाहेर येतात. दमट प्रदेशात बनलेली गिटार मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पोचली की हे हमखास होतं. टोकं घासून देता येतात, म्हणून एवढ्यावरून नग नाकारू नका. पण ते काम दुकानाने करून द्यायचं, हे आत्ताच बोलून ठेवा.

बॉडीच्या बाजूने नेककडे एक डोळा मिटून पाहा. दोन्ही कडा एका प्रतलात दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेक पिळली आहे. पीळ ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईने, निघत नाही.

दोन्ही टोकांच्या तारा नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का तेही बघा. पहिली तार, म्हणजे सर्वांत बारीक, कडेच्या फार जवळ असेल तर व्हायब्रेटो देताना ती फ्रेटवरून खाली घसरते.

फिंगरबोर्डच्या नावांना घाबरू नका. स्क्वायरच्या (फेंडरचा स्वस्त ब्रँड) बऱ्याच गिटारींवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं असतं. तो आपल्या सह्याद्रीतला ऐन. टणक, कामाचं लाकूड आहे. शिसवी नाही म्हणून गिटार हलक्या दर्जाची ठरत नाही.

> इथे थांबून बघा: हेडस्टॉक किंवा सांध्यात भेग, किंवा नेकला पीळ. यातलं काहीही असेल तर पुढची तपासणी करू नका, दुसरा नग मागा.

५. ॲम्प न लावता वाजवा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ती पायरी ही. दुकानदार चांगल्या भावनेनेच गिटार मोठ्या ॲम्पला जोडून, थोडा रिव्हर्ब (घुमारा) आणि गेन (आवाज जाड, फाटका करणारा) देऊन हातात देतो. त्या आवाजात नेक, फ्रेट आणि नटचे दोष बुडून जातात. नम्रपणे सांगा, 'आधी जरा कोरडी वाजवतो.' दुकानात शांत कोपरा मागा.

*सूर लावा.* ट्यूनरवर ए म्हणजे ४४० हर्ट्झ आहे ना ते पाहून सहाही तारा लावा. तारा गंजलेल्या किंवा काळपट असतील तर नव्या घालायला सांगा. मेलेल्या तारांवर पुढची एकही चाचणी भरवशाची नाही. नव्या संचाचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्या.

*नेकचा बाक.* पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. उजव्या हाताने सहावी तार, म्हणजे सर्वांत जाड, शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता तार सरळ पट्टीसारखी ताणलेली आहे. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट आहे ते पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर, असेल तर छान. जास्त असेल तर ट्रस रॉड थोडा घट्ट करून कमी होते. फटच नसेल आणि तार मधल्या फ्रेटना टेकत असेल, तर रॉड सैल करून बाक येतो का ते दुकानातल्या तंत्रज्ञाला समोर करून दाखवायला सांगा. आला नाही तर तो नग नको.

*तारांची उंची.* कॅपो काढा. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड तारेला साधारण २ मिलिमीटर, बारीक तारेला दीड. थोडं वरखाली चालेल, ब्रिजच्या सॅडलवर (तार टेकते तो छोटा तुकडा) बदलता येतं. सॅडल आधीच तळाला टेकले असतील आणि तारा तरीही उंच असतील, तर मात्र नेकचा कोन चुकलेला आहे.

*नट.* नव्या, कमी किमतीच्या गिटारींमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित दोष इथे असतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी असायला हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. कानाने तपासायचं तर मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावा आणि पहिला फ्रेट हलक्या हाताने दाबून वाजवा. सूर चढलेला दिसला तर कारण हेच. 'एफ कॉर्ड जमत नाही' म्हणून महिनेच्या महिने स्वतःला दोष देणाऱ्या मुलांच्या गिटारींत मला हा दोष फार वेळा सापडतो. बोटांना दोष नसतो, खाचा खोल करायच्या राहिलेल्या असतात. हे काम बारीक कानशीने दहा-पंधरा मिनिटांत होतं, पण जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, कारण खाच जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो.

*प्रत्येक फ्रेट.* सहा तारा, प्रत्येक तारेवर पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर, मध्यम जोराने. कंटाळवाणं काम आहे, टाळू नका. झणझण कुठे होते ते लक्षात ठेवा, कारण जागेवरून कारण कळतं:

- फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण: नेक फार सरळ आहे. रॉडने सुटतं.
- सगळीकडे थोडी थोडी: तारा खूप खाली आहेत. सॅडलने सुटतं.
- एकाच जागी, शेजारचे फ्रेट स्वच्छ: तिथून पुढचा एखादा फ्रेट उंच बसला आहे. हे सेटअपमध्ये सुटत नाही, फ्रेट घासावे लागतात.

नव्या गिटारमध्ये तिसरा प्रकार खपवून घेऊ नका.

*बेंड.* पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर बाराव्यापासून सतराव्या फ्रेटपर्यंत प्रत्येक ठिकाणी तार पूर्ण एक स्वर (दोन फ्रेट पुढचा सूर येईल इतकी) ओढा आणि धरून ठेवा. सूर वाजत राहिला पाहिजे. ओढताना मध्येच गळा दाबल्यासारखा बंद झाला तर तार पुढच्या कुठल्या तरी फ्रेटला टेकते आहे. आधी तारा किंचित वर घेऊन बघा. तरीही सूर मरत असेल तर नग बदला. सोलो वाजवायला लागाल तेव्हा रोज याच जागी अडाल.

*पुन्हा ट्यूनर.* बेंड झाल्यावर सूर तपासा. नव्या तारा थोड्या उतरतात, ते ठीक. पण खुंटी पिळताना नटवर 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. दुकानदाराला तो आवाज ऐकवा. सेटअपच्या यादीत घाला.

बसून झालं की पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. हेडस्टॉक खाली पडू लागला तर वाजवताना नेक सतत उचलून धरावी लागेल.

६. आता ॲम्पला जोडा

स्वतःची केबल, स्वच्छ आवाज, गेन अगदी कमी, इफेक्ट बंद. तुमच्या बजेटचा ॲम्प मागा, दुकानातला सर्वांत मोठा नको.

स्विचची प्रत्येक पोझिशन घ्या. प्रत्येक पोझिशनमध्ये एक कॉर्ड वाजवा, मग व्हॉल्यूम आणि टोन शून्यापासून दहापर्यंत सावकाश फिरवा. एखाद्या ठिकाणी एकदाच खरखर झाली आणि फिरवून गेली तर धूळ होती. कायम राहिली तर पॉट (नॉबखालचा विजेचा भाग) बदलून मागा. जॅकमध्ये लावलेली केबल हलकेच हलवा. आवाज तुटला तर जॅक सैल आहे किंवा टाका कच्चा आहे.

गुणगुण ऐका. तारांना हात लावल्यावर ती कमी व्हायला हवी. याचा अर्थ ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर वायरिंगमध्ये गडबड आहे. सिंगल कॉइलची साधारण गुणगुण हा दोष नाही, अंग थोडं वळवून बसलात की कमी-जास्त होते.

ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असतील तर ९ व्होल्टची बॅटरी नवी घालायला सांगा. डिस्प्लेच्या गिटारमध्ये केबल लावून ठेवलेली असते आणि बॅटरी उतरलेली असते. मग बिचाऱ्या पिकअपला नावं ठेवली जातात.

> सावधान: तारांना किंवा ॲम्पच्या धातूच्या भागाला हात लावून झिणझिण्या आल्या तर ताबडतोब हात काढा आणि ॲम्पचं बटण बंद करा. दुकानात असो वा घरी, याचा अर्थ अर्थिंग नाही किंवा ॲम्पमध्ये बिघाड आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून वापरण्याची सवय गिटारच्या ॲम्पला कधीही लावू नका. गिटारच्या तारा ॲम्पमार्फत थेट अर्थला जोडलेल्या असतात आणि तुमचे दोन्ही हात त्यांच्यावर असतात.

७. सेटअप पैसे देण्याआधी ठरवा

आतापर्यंत जमवलेली यादी दुकानदारापुढे ठेवा आणि काम तुमच्यासमोर करून घ्या. घासाघीस करायचीच तर किमतीतून हजार-पाचशे कमी करून घेण्यापेक्षा सेटअप, तारांचा संच आणि बरी बॅग मागा. बाहेर त्याला तेवढेच पैसे लागतात.

कामाचा क्रम असाच हवा: नव्या तारा, मग नेकचा बाक, मग नट आणि तारांची उंची, आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येईल अशी सॅडलची जुळवणी. कोणी आधी इंटोनेशन करून मग उंची बदलू लागला तर थांबवा. उंची बदलली की तारेची ताणलेली लांबी किंचित बदलते आणि केलेलं इंटोनेशन वाया जातं.

इंटोनेशन तुम्हीही पडताळू शकता. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडा), मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर नटच्या दिशेने पुढे.

सेटअपनंतर बेंडची चाचणी पुन्हा एकदा करा. मगच खिशात हात घाला.

८. बिल: इथे पाच मिनिटं जास्त द्या

कच्चं बिल घेऊ नका. जीएसटी वाचवून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, कारण त्या कागदावर वॉरंटीही चालत नाही आणि तक्रारही उभी राहत नाही. बिलावर हे सगळं हवं: दुकानाचं नाव आणि जीएसटी क्रमांक (महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने), तारीख, पूर्ण मॉडेल, रंग आणि सीरियल नंबर. तो नंबर गिटारच्या हेडस्टॉकवर किंवा नेकच्या मागे पाहून स्वतः जुळवा. खोक्यावरचा नंबर आणि गिटारवरचा नंबरही एकच आहे का बघा. डिस्प्लेची गिटार भलत्याच खोक्यात जाते, आणि पुढे वॉरंटीच्या वेळी त्यावरून अडतं.

नंबरवरून गिटारचं वयही बऱ्याचदा कळतं. मेक्सिकोत बनलेल्या अलीकडच्या फेंडरचा नंबर 'एमएक्स' ने सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात. एमएक्स२१ म्हणजे २०२१ ची. जुना साठा असणं वाईट नाही. पण ती किती वर्षं आणि कशा हवेत टांगलेली होती, हे किमतीच्या बोलण्यात यायला हवं.

आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि सर्व करांसह एमआरपी छापलेली असावी लागते. लेबलचा फोटो काढा. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही.

बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं असेल तर ग्राहकाचे हात बांधले गेले असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा त्याच व्याख्येत येतं. मात्र हे सदोष मालाबद्दल आहे, घरी आल्यावर रंग आवडेनासा झाला त्याबद्दल नाही.

'सीलबंदच द्या' असा हट्ट धरणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. तुम्ही तासभर वाजवून तपासलेला नग हाच तुमचा. तो ठेवून न उघडलेलं खोकं घरी नेलं तर वरची सगळी मेहनत वाया गेली. खोक्यातलाच हवा असेल तर तो उघडून चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

९. घरी आल्यावरचा पहिला महिना

खोकं आणि आतलं पॅकिंग किमान ३० दिवस टाकू नका. कुरिअरने आली असेल तर खोक्याच्या चारही बाजू आणि लेबल दाखवून, न थांबवता, एकाच सलग व्हिडिओत उघडा आणि चौथी, पाचवी, सहावी पायरी त्याच दिवशी घरी करा. वातानुकूलित गाडीतून भर उन्हात आणली तर तासभर बॅगेतच राहू द्या.

दोन-तीन आठवड्यांत नेक तुमच्या घरच्या हवेला सरावते आणि थोडी हलते. तारा अचानक उंच वाटू लागल्या किंवा झणझणू लागल्या तर गिटार बिघडली असं नाही. म्हणूनच महिन्याभरात एकदा मोफत फेरतपासणी खरेदीच्या वेळीच कबूल करून घ्यावी. ट्रस रॉड स्वतः फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि अडला तर जोर लावायचा नाही.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल भिंतीतून येते. वाजवून झाली की तारा कोरड्या कापडाने वरून आणि खालून पुसा, बॅगेत निळ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या गुलाबी पडल्या की बदला. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात वेगळीच चूक होते: गिटार कूलरच्या समोर उभी असते. दुपारी कोरडी झळ, रात्री कूलरची ओली हवा, आणि नेक रोज पुढे-मागे. तिला कूलरच्या झोतापासून दूर, केसमध्ये ठेवा.

गिब्सनसारख्या नायट्रो फिनिशच्या (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) गिटारी रबरी गादीच्या स्टँडवर ठेवण्याआधी गादीला सुती कापड गुंडाळा. काही रबरांमुळे तो रंग चिकट होऊन डाग पडतात.

१०. दोष निघालाच तर

पहिल्या दिवसापासून लेखी बोला. फोनवरचं आश्वासन दोन आठवड्यांनी कोणाला आठवत नाही. दोषाचा छोटा व्हिडिओ काढा: आधी सीरियल नंबर दाखवा, मग ट्यूनरवर सूर बरोबर असल्याचं दाखवा आणि मग दोष ऐकवा. तिन्ही गोष्टी एकाच व्हिडिओत असू द्या, म्हणजे 'गिटार सुरात नव्हती' किंवा 'हा आमचा नग नाही' असं म्हणायला जागा राहत नाही. तो बिलाच्या फोटोसह दुकानाला ईमेल करा, व्हॉट्सॲपवरही पाठवा आणि वितरकाला प्रत द्या.

या काळात गिटार दुसऱ्या कारागिराकडे उघडायला देऊ नका, पिकअप बदलू नका, नट घासू नका. बाहेरचा हात लागला की वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. दुकानात दुरुस्तीला दिली तर तारीख, सीरियल नंबर आणि कामाचं वर्णन असलेली पावती घ्या.

मुदतीत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. बिल, लेबलचा फोटो, व्हिडिओ आणि पाठवलेले ईमेल तारखेच्या क्रमाने एका फोल्डरमध्ये तयार ठेवून मगच फोन लावा. तक्रार नोंदवताना तेच विचारतात.